परमुलखातले कुलदैवत

फुटबॉल क्लबवरील निष्ठा जन्माने किंवा वास्तव्याने मिळते, ती निवडता येत नाही, अशी समजूत इंग्लंडच्या औद्योगिक शहरांत दीर्घकाळ रूढ आहे, आणि या समजुतीच्या मापाने परदेशातील चाहता नेहमीच थोडा संशयास्पद ठरतो. ज्याने क्लबचे मैदान कधी पाहिलेले नाही, ज्याच्या घराण्यातील कोणी त्या शहराच्या गोदीत वा गिरणीत राबलेले नाही, आणि ज्याने पाठिंब्यासाठी नेमका जिंकणारा संघच हेरला आहे, त्याला स्थानिक मंडळी ‘प्लॅस्टिक फॅन’, म्हणजे बनावट चाहता, म्हणून हिणवतात. क्लबांचे व्यवस्थापक मात्र याच माणसाकडे उद्याचे मोठे गिऱ्हाईक म्हणून पाहतात आणि त्याच्या सोयीने सामन्यांच्या वेळा बदलण्यापासून गणवेशाचे रंग बदलण्यापर्यंत काहीही करायला तयार असतात. एकमेकांवर डाफरणाऱ्या या दोन्ही पक्षांचे एका बाबतीत मात्र एकमत असते, ते असे की परदेशी चाहत्याला त्या शहराशी आणि तेथील प्रेक्षकांशी काही देणेघेणे नसते. प्रस्तुत लेखाचा आक्षेप नेमका या एकमतावर आहे.

परमुलखात ही निष्ठा कशी रुजते याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण स्कँडिनेव्हियात सापडते. स्वच्छ अशासाठी, की नॉर्वे आणि स्वीडन या देशांत ती रुजण्यामागे ना ब्रिटिश राजवट होती, ना स्थलांतर, ना समान भाषा. तेथे होता तो फक्त बर्फ. हिवाळ्यात मैदाने गोठत असल्यामुळे या देशांतील फुटबॉलचा हंगाम वसंतात सुरू होऊन शरद ऋतूत संपतो, तर सामन्यांच्या निकालांवर पैसे लावण्याचे सरकारी कूपन, जे स्वीडनमध्ये १९३४ साली आणि नॉर्वेत १९४८ साली सुरू झाले, ते मात्र बारमाही चालवायचे होते. या कूपनावर आठवड्यातील ठरावीक सामन्यांची यादी छापलेली असे आणि यजमान जिंकणार, पाहुणे जिंकणार की बरोबरी होणार, याचा अंदाज त्यावर खुणेने नोंदवायचा असे. हिवाळ्यात यादी भरायला घरचे सामने नसत, म्हणून इंग्लंडचे सामने घेतले जात. अशा रीतीने वुल्व्हरहॅम्प्टन किंवा वेस्ट ब्रॉमविच ही नावे, ती शहरे नकाशावर कोठे आहेत हे ठाऊक नसलेल्या कोळ्यांच्या, लाकूडतोड्यांच्या आणि शाळामास्तरांच्या तोंडी, दूरदर्शन संच घरात येण्याच्याही आधी रुळली होती.

कूपनावरच्या नावांना चेहरे मिळाले ते २९ नोव्हेंबर १९६९ रोजी. त्या शनिवारी वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स आणि संडरलँड यांच्यातील सामना स्कँडिनेव्हियात थेट दाखवला गेला, वुल्व्हरहॅम्प्टनने तो १-० असा जिंकला, आणि तेव्हापासून हिवाळ्यातील शनिवारचा इंग्लिश सामना हा तेथील घरोघरीचा नेम झाला. नॉर्वेत त्याला पडलेले ‘टिपेकाम्पेन’ हे नावही ‘पैजेचा सामना’ अशाच अर्थाचे आहे. गंमत अशी, की खुद्द इंग्लंडमध्ये लीगचे सामने नियमितपणे थेट दाखवले जाऊ लागले ते १९८३ मध्ये. घरबसल्या सामना दिसला तर मैदानावर कोण येणार, ही क्लबचालकांची धास्ती त्यामागे होती. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी १९६०च्या दशकात हा मुद्दा हट्टाने लावून धरला आणि त्यातून शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत थेट प्रक्षेपण न करण्याचा नियम रूढ झाला. परिणामी वुल्व्हरहॅम्प्टनच्या मैदानापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या, पण तिकीट न मिळालेल्या माणसाला जे दिसत नव्हते, ते ऑस्लोतील पोराला चौदा वर्षे आधीपासून दिसत होते.

त्या काळी नॉर्वेत एकच सरकारी वाहिनी होती, सामना सुरू होताना तेथे दुपारचे चार वाजत आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये त्या वेळी अंधार पडलेला असे. बाहेर बर्फ, हातात कूपन, आणि पडद्यावर चिखलाने माखलेले, मंद प्रकाशातले इंग्लिश मैदान, ज्याच्या चारही बाजूंनी हजारो लोक एका सुरात काहीतरी म्हणत आहेत. वडील पैजेसाठी पाहत असत आणि मुले संघासाठी पाहू लागली. सात-आठ वर्षांचे मूल संघ निवडते ते फार विचार करून नव्हे. जो त्या वर्षी जिंकतो तो, किंवा थोरल्या भावाने जो निवडला आहे त्याच्या विरुद्धचा. १९७०च्या दशकात लिव्हरपूल आणि लीड्स जिंकत होते, म्हणून नॉर्वेत या दोन संघांचे चाहते सुरुवातीपासून उदंड झाले. येथवरची हकिकत ‘यशामागे धावणारा’ या हेटाळणीला पूर्णपणे दुजोरा देते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु सुरुवात कशी झाली यावरून निष्ठेचा कस ठरत नाही. लिव्हरपूलने १९९० साली इंग्लिश लीग जिंकल्यानंतर पुढचे विजेतेपद मिळवायला २०२० साल उजाडावे लागले, आणि या तीस वर्षांत १९८० साली स्थापन झालेली त्याच्या नॉर्वेतील चाहत्यांची संघटना आटली नाही, उलट हजारोंच्या संख्येने वाढत गेली. लीड्स तर २००७ मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला, तरीही त्याचे स्कँडिनेव्हियन चाहते उत्तर समुद्र ओलांडून सामन्यांना येत राहिले. केवळ यशाचे गिऱ्हाईक असते तर त्यांनी दुकान बदलले असते. खरे म्हणजे लिव्हरपूलमध्ये जन्म होणे हाही अपघातच आहे. त्या शहरातही एकाच गल्लीत लिव्हरपूल आणि एव्हर्टन या दोन्ही क्लबांची घरे असतात आणि कोणत्या घरी जन्म घ्यायचा हे कोणी निवडलेले नसते. पाळण्यातला अपघात आणि पडद्यावरचा अपघात यांत फरक जरूर आहे, पण एकाला निष्ठा आणि दुसऱ्याला खरेदी म्हणावे इतका तो मोठा नाही.

मराठी वाचकाला हे समजायला आपल्याकडील दैवतांची व्यवस्था उपयोगी पडेल. ग्रामदैवत वास्तव्याने मिळते, कुलदैवत जन्माने मिळते आणि इष्टदैवत माणूस स्वतः निवडतो. स्थानिक चाहत्याच्या दृष्टीने क्लब हे ग्रामदैवत असते, आणि परस्थाचे ते इष्टदैवत. परंतु ज्याचे इष्टदैवत बापाने निवडले त्या मुलाला ते कुलदैवत म्हणूनच मिळते, आणि नॉर्वेत आता अशी तिसरी पिढी मोठी होत आहे. शिवाय कुलदैवत घरापासून दूर असणे ही काही न्यूनतेची खूण नव्हे. मंगेशीचे मूळ देऊळ कुशस्थळीला होते, १५६० मध्ये ते प्रियोळला हलले, आणि त्या देवाला मानणारी कुटुंबे मुंबईपासून कारवार-मंगळूरपर्यंत पांगली. वर्षा-दोन वर्षांनी अभिषेकासाठी येणाऱ्या या कुटुंबांच्या भक्तीला कोणी बनावट म्हणत नाही. मात्र त्या कुटुंबांचे देवाशी असलेले नाते एका गोष्टीवर अवलंबून असते, जिचा विचार ते क्वचितच करतात: कोणीतरी तेथे राहून रोज दिवाबत्ती करते. येथेच या लेखाचा खरा मुद्दा सुरू होतो.

त्याआधी इतर वाटांचा निर्देश करायला हवा, कारण सगळीकडे बर्फ आणि कूपन नव्हते. माल्टात ब्रिटिश आरमाराचा तळ होता आणि स्वातंत्र्याच्या पाच वर्षे आधी, १९५९ साली, तेथे मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांची संघटना स्थापन झाली. त्याच्या आदल्या वर्षी, ६ फेब्रुवारी १९५८ रोजी, म्यूनिक येथील विमान अपघातात त्या क्लबचे आठ खेळाडू मरण पावले होते, आणि त्या शोकाने जोडली गेलेली माणसे जगभर होती. मृतांत डब्लिनचा लियाम व्हेलन होता, त्यामुळे आयर्लंडला तो घरचाच शोक वाटला. नायजेरियात कानू या आपल्या खेळाडूमुळे आर्सेनल आणि आयव्हरी कोस्टमध्ये तसाच द्रोग्बामुळे चेल्सी घरोघरी पोहोचला. आपल्याकडे १९९०च्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्यावर जे घडले ते नॉर्वेतील घटनेचेच घाईघाईने झालेले पुनरावर्तन होते, फक्त बर्फाच्या जागी रात्री साडेआठची निवांत वेळ होती.

आता प्रश्न असा, की परस्थ चाहत्याला नेमके काय हवे असते? व्यवस्थापकांचे उत्तर ‘दर्जेदार फुटबॉल आणि प्रसिद्ध खेळाडू’ असे असते. ते उत्तर चुकीचे आहे, हे १९९०च्या दशकात डब्लिनमध्ये दिसले. लंडनच्या विम्बल्डन या क्लबने १९८८ साली लिव्हरपूलला हरवून एफए कप जिंकला होता, परंतु १९९१ मध्ये त्याला स्वतःचे मैदान सोडून क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर भाडेकरू व्हावे लागले, आणि प्रेक्षकांअभावी हैराण झालेल्या मालकांच्या मनात क्लब उचलून डब्लिनला नेण्याचा बेत आला. हिशेब सरळ होता: आयर्लंडमध्ये इंग्लिश फुटबॉलचे वेड प्रचंड, पण इंग्लिश लीगमधला क्लब एकही नाही. तेथील फुटबॉल संघटनेने याला कडवा विरोध केला, आणि जे लोक दर आठवड्याला आगबोटीने लिव्हरपूल-मँचेस्टर गाठत होते तेही या आयत्या चालून आलेल्या क्लबासाठी रस्त्यावर उतरले नाहीत. त्यांना इंग्लिश फुटबॉल हवे होते, म्हणजे इंग्लंडमधल्या कोण्या एका गावाचे फुटबॉल हवे होते. गावाविना क्लब त्यांना दिला जात होता, आणि त्याचा त्यांना उपयोग नव्हता.

याच क्लबची पुढची कहाणी अधिक बोलकी आहे. १९९७ साली तो नॉर्वेतील दोन उद्योगपतींनी विकत घेतला, म्हणजे ज्या देशात परमुलखातील निष्ठेचे इतके जुने पीक आहे त्याच देशातून मालक आले. २००० मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला, २००२ च्या मे महिन्यात फुटबॉल असोसिएशनच्या आयोगाने स्थलांतराला परवानगी दिली, आणि २००३ मध्ये तो सुमारे ९० किलोमीटर उत्तरेला मिल्टन कीन्स येथे गेला. मागे राहिलेल्या चाहत्यांनी परवानगी मिळताच ‘एएफसी विम्बल्डन’ हा नवा क्लब काढला, तो नवव्या श्रेणीपासून खेळवला, २०११ मध्ये व्यावसायिक लीगमध्ये आणला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या मैदानाजवळ, प्लाउ लेनवर, परत नेला. देव हलवता येतो हे मंगेशीनेही दाखवले आहे. पण तेथे भक्तांनी देव हलवला होता, येथे भक्तांना मागे टाकून तो हलवला गेला.

मालकी आणि निष्ठा यांचा परस्परसंबंध किती क्षीण असतो याचा दाखला पुण्यानेही दिला आहे. ज्या लँकेशायरच्या गिरण्यांचे कापड एके काळी मुंबईच्या गोदीत उतरत असे, तेथील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८७५ साली स्थापन झालेला आणि १९९५ साली प्रीमियर लीग जिंकलेला क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या वेंकीज समूहाने विकत घेतला. पुढच्या वर्षी संघ पुण्यात मैत्रीपूर्ण सामनाही खेळून गेला. २०१२ मध्ये तो खालच्या श्रेणीत घसरला आणि ब्लॅकबर्नमध्ये मालकांविरुद्ध निदर्शने झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगे हे, की क्लब पुण्याचा झाला तरी पुणेकर काही ब्लॅकबर्नचे झाले नाहीत. ते लिव्हरपूल, आर्सेनल किंवा मँचेस्टर युनायटेडचेच राहिले, कारण सातबारा नावावर झाल्याने कोणी देवाचा भक्त होत नाही.

यावर असा प्रतिवाद होईल, की परदेश दौऱ्यांवर आलेल्या संघांना पाहायला स्टेडियम ओसंडतात. २००८ मध्ये ऑलिव्हर कानच्या निरोपाच्या दौऱ्यात बायर्न म्यूनिक कोलकात्यात मोहन बागानशी खेळला तेव्हा सॉल्ट लेक स्टेडियम लाखाच्या वर प्रेक्षकांनी भरले होते. हे खरे आहे. पण पालखी गावात आली की दर्शनाला झुंबड उडते, म्हणून देऊळच उचलून आणा असे कोणी म्हणत नाही. प्रीमियर लीगने त्याच वर्षी ३८ सामन्यांच्या हंगामात परदेशी शहरांत खेळवायचा एक एकोणचाळिसावा सामना जोडण्याचा प्रस्ताव मांडला तेव्हा त्याला इंग्लंडमध्ये विरोध झालाच, पण आशियाई फुटबॉल महासंघानेही तो नाकारला.

परस्थ चाहता निष्पाप आहे असा याचा अर्थ नाही. आशियात संध्याकाळी दिसावा म्हणून सामना दुपारी साडेबाराला ठेवला जातो, तेव्हा न्यूकॅसलहून लंडनला जाणाऱ्या चाहत्याला पहाटे घर सोडावे लागते. विमान, हॉटेल आणि तिकीट अशा एकत्र पॅकेजवर येणारा पाहुणा ज्या खुर्चीवर बसतो, ती कोण्या स्थानिक पोराला परवडेनाशी झालेली असते. त्याच्या प्रेमाचा भार ज्या माणसावर पडतो, त्याच माणसाच्या आवाजासाठी तो आलेला असतो, आणि हा विरोधाभास त्याच्या सहसा ध्यानात येत नाही. स्थानिकांची चीड त्यामुळे अगदीच अनाठायी नसते. ती चुकीच्या इसमावर काढली जाते, इतकेच.

स्थानिक प्रेक्षकांची ही दिवाबत्ती थांबली तर काय दिसते, हे ६ फेब्रुवारी २०१६ रोजी ॲनफील्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानावर, काही मिनिटांपुरते कळले. पुढील हंगामासाठी मुख्य स्टँडमधील सर्वांत महाग तिकीट ७७ पौंडांचे ठरवण्यात आले होते, आणि त्याच्या निषेधार्थ ७७ व्या मिनिटाला सुमारे दहा हजार लोक उठून चालते झाले. समोर योगायोगाने संडरलँडच होता. लिव्हरपूल २-० ने पुढे होता. लोक गेल्यावर संडरलँडने ८२ व्या आणि ८९ व्या मिनिटाला गोल करून सामना बरोबरीत सोडवला, आणि चार दिवसांनी मालकांनी जाहीर माफी मागून ती किंमत मागे घेतली. सामना शनिवारी दुपारी तीनचा असल्यामुळे बॉब लॉर्ड यांच्या काळातील नियमानुसार तो इंग्लंडमध्ये थेट दिसत नव्हता. ऑस्लोत संध्याकाळी साडेपाचच्या आणि मुंबईत रात्री दहाच्या सुमाराला मात्र, माणसे उठून गेल्यावर उघड्या पडलेल्या लाल खुर्च्यांच्या रांगा पडद्यावर दिसत होत्या.