ज्वारीचं पान

माहूरगडाच्या पायथ्याशी एका वाडीत जिल्हा परिषदेची शाळा होती. तिथले गुरुजी सातवीला विज्ञान शिकवत. एका पावसाळ्यात त्यांनी अळूच्या पानावर पाणी ओतून दाखवलं. पाण्याचे मोती झाले, घरंगळून गेले आणि पान कोरडंच राहिलं. एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, पानाला काय लावलेलं असतं?"

गुरुजींनी सांगितलं, की पानावर मेणाचे उंचवटे असतात. ते इतके बारीक, की नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. मुलांनी माना हलवल्या, पण कुणाला पटलं नाही. शाळेत एक भिंग होतं. त्यातून पान नुसतं मोठं दिसायचं.

त्याच वाडीतली एक मुलगी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात संशोधन करत होती. पाणी ठरणार नाही अशी काच बनवायची, हा तिचा विषय. गुरुजी किनवटमार्गे एसटीनं तिच्याकडे गेले. जाताना गडावरचा रेणुकामातेचा तांबूल घेऊन गेले. तिनं तो प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना थोडा थोडा वाटला. कुणाला वगळलं नाही.

मग गुरुजी म्हणाले, "ताई, तुझ्याकडे पानाचे फोटो असतील तर मुलांना दाखवीन म्हणतो."

फोटो होते. अळूच्या पानाचेही होते. पण ती घुटमळली. "गुरुजी, माझा प्रबंध अजून जमा व्हायचाय. आधीच बाहेर गेलं तर माझं काय राहिलं? आणि लहान मुलांना ते कळणार तरी कसं?"

खरं तर अळूसारखंच पाणी न ठरू देणाऱ्या कमळाच्या पानाचं हे गुपित जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी 1997 सालीच सविस्तर छापलं होतं. अळूच्या पानात लपवण्यासारखं काही नव्हतं. पण बरीच वर्षं एकटीनं राबलेल्या माणसाला अशी भीती वाटते. गुरुजी रागावले नाहीत. "काम नीट कर, बाळा," म्हणाले आणि परतीच्या गाडीत बसले.

रात्री ती प्रबंधाचं आभाराचं पान लिहायला बसली. पहिली ओळ मुंबईच्या आयआयटीची होती. 2008 साली एक सरकारी योजना सुरू झाली. तिच्यामुळे देशभरातल्या संशोधकांना मुंबईची आयआयटी आणि बंगळुरूची आयआयएससी इथली नॅनोची यंत्रं वापरता येऊ लागली. तीही तशीच गेली होती. तिथल्या तंत्रज्ञानं वाळवलेल्या पानावर सोन्याचा पातळ थर कसा चढवायचा ते शिकवलं, निर्वात पेटीत ते ठेवायला लावलं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकापुढे तिला बसवलं. तू कुठली, तुला हे कळणार का, असं कुणी विचारलं नव्हतं.

पहिल्या ओळीपुढे तिची लेखणी सरकेना.

सकाळी तिनं आपल्या मार्गदर्शकांना विचारलं. त्यांनी लगेच होकार दिला. रविवार धरून ती गावी आली आणि सोमवारी मोठ्या कागदावर छापलेली चित्रं घेऊन शाळेत गेली. उंचवटे, त्यांवर मेणाचे कण, मधल्या फटींत अडकलेली हवा, असं एकेक तिनं दाखवलं. पाण्याचा थेंब त्या हवेवर तरंगतो, पानाला जेमतेम टेकतो.

मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. "ताई, आमच्या ज्वारीच्या कोवळ्या पानावरबी पाणी ठरत नाही. फवारताना बाबा औषधात स्टिकर टाकतात. नाहीतर सगळं खाली गळून जातं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. पाणी ठरू नये म्हणून ती झटत होती. शेतकरी ते ठरावं म्हणून झटत होता. ज्वारीचं पान तिनं कधी यंत्राखाली ठेवलंच नव्हतं. तिनं वही उघडली आणि मुलाला पुन्हा सगळं सांगायला लावलं.

कोट्यवधींचं यंत्र गावोगाव येऊ शकत नाही. पण त्यातून जे दिसलं ते येऊ शकतं. ते गावात पोचलं, की गावानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलंही यंत्रापर्यंत जायला वाट मिळते.

पुढच्या शिक्षण परिषदेत गुरुजींनी ती चित्रं केंद्रातल्या इतर शाळांच्या शिक्षकांपुढे मांडली. सगळ्यांनी प्रती मागितल्या. ताईनं प्रत्येक प्रतीबरोबर एक कोरं पाकीट पाठवलं: तुमच्या शिवारातलं पाणी न ठरणारं पान यात घाला, शाळेचं आणि मुलाचं नाव लिहा. पहिलं पाकीट वाडीच्याच शाळेतून आलं. त्यात ज्वारीचं पान होतं, आणि सोबत त्या मुलाच्या बाबांनी स्टिकर किती टाकतात ते लिहून दिलं होतं.