घरात कमावतं कोण?

विमा काढायला बसलं की पहिला प्रश्न येतो, घरात कमावतं कोण? नोकरदाराला उत्तर सोपं असतं. पगाराची पावती पुढं केली की झालं. आमच्या माण तालुक्यात, जिथं पाऊस पाहुण्यासारखा तोंड दाखवून जातो, तिथं माणूस या प्रश्नाला अडखळतो. सातबारा वडिलांच्या नावावर, सोसायटीचं कर्ज त्यांच्या नावावर, डेअरीचं खातंही त्यांचंच. म्हणजे कागदावर कमावते वडील. म्हशींच्या धारा मात्र आई काढायची, वैरण तीच आणायची, आणि दुसऱ्याच्या रानात खुरपायला पैऱ्यानं तीच जायची.

वडिलांचा विमा होता. आयुर्विमा महामंडळ १९५६ साली स्थापन झालं, पण आमच्या गावात ते पोचलं शाळेतल्या मास्तरांच्या सायकलवरून. एजन्सी मास्तरीणबाईंच्या नावावर, हिंडायचे मास्तर. म्हणजे तिथंही कागदावर एक आणि राबायला दुसरंच, फक्त उलटं!

घरात दुसरा विमा होता तो म्हशीचा. बँकेच्या कर्जावर घेतलेली, म्हणून काढावाच लागला. तिच्या कानात बिल्ला ठोकला होता. बिल्ला हरवला तर दमडी मिळायची नाही, म्हणून आई धारेला बसण्याआधी रोज तिचा कान बघायची. त्या म्हशीला सांभाळणाऱ्या बाईचा विमा काढावा, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आईच्याही नाही. तिला तर तो शब्दच नको वाटायचा. "मेल्या माणसाचं पैसं मोजायचं व्हय? न्हाय बाबा, तसलं अन्न गोड लागायचं न्हाय."

तिचं हे म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. माणसाच्या जिवाची किंमत करू नये, हे तिच्या मनात पक्कं होतं आणि ते बरोबरच आहे. पण विमा जिवाची किंमत करतच नाही. माणूस गेला तरी दुसऱ्या दिवशी उजाडतं, म्हशी हंबरतात, पोरांना डबा लागतो. ते सगळं कोण करणार आणि कशाच्या आधारावर, एवढंच तो विचारतो. आणि प्रश्न एवढाच असेल, तर आमच्या घराचं उत्तर कागदापेक्षा वेगळं निघतं. वडील गेले तेव्हा घर हादरलं, पण चाललं. रान वाट्यानं लावलं, पेरण्या झाल्या, म्हशी दावणीला राहिल्या. त्या जागी आई गेली असती तर महिन्याभरात म्हशी बाजारात गेल्या असत्या आणि बहिणीची शाळा सुटली असती. हे मी नुसतं कल्पनेनं सांगत नाही. आई गेली की थोरल्या पोरीचं दप्तर खुंटीला लागतं, हे गावात डोळ्यांनी पाहिलंय. फॉर्मवर मात्र लिहायचं, व्यवसाय घरकाम, उत्पन्न निरंक.

माझ्यावर वेळ आली तेव्हा मी वही घेऊन बसलो. टर्म विम्याची रक्कम वर्षाच्या कमाईच्या दहा-पंधरा पट असावी आणि डोक्यावरचं कर्ज वेगळं धरावं, असा साधारण आडाखा असतो. माझा हिशेब पाच मिनिटांत झाला. बायकोचा होईना. रानातल्या बाईचा रोज तीनशे धरून बघितला. स्वयंपाक, धारा, शेणघाण, भांगलण, पोरांचा अभ्यास, आईचं दुखणं. हे एका माणसाच्या रोजात बसतच नव्हतं. विमा प्रतिनिधीला सांगितलं तर तो म्हणाला, "सर, वहिनींच्या उत्पन्नाचा पुरावा नाही. त्यांचा विमा तुमच्या विम्याच्या हिशेबातच बसवायला लागतो."

सरकारची २०१५ ची जीवनज्योती योजना मला म्हणूनच बरी वाटते. बँकेत खातं हवं आणि वय १८ ते ५० हवं. वर्षाला ४३६ रुपये, पाठीमागं दोन लाख. कमावतं कोण, असं ती विचारत नाही. शेतकरी अपघात विमा सुरुवातीला सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यापुरताच होता. पुढं त्यात घरातलं आणखी एक माणूस आलं. साप काही सातबारा बघून चावत नाही, एवढं समजायला बराच काळ गेला. पण दोन लाखांत पोरीचं शिक्षण होतंय का?

तर मी दोघांचा सारखा विमा काढायचा म्हणून वाद घालत बसलेलो. बायको भाकरी थापता थापता ऐकत होती. म्हणाली, "माझ्या मागं तुम्ही वरसाच्या आत दुसरी आणाल. तुमच्या मागं मला काय? भावकी बांध कोरायला टपलीया. मोठा इमा तुमचाच पायजे."

मी गप्प बसलो. माझ्या वहीत कामाचा हिशेब होता, तिच्या बोलण्यात गावातल्या विधवेच्या जिण्याचा. तो मला मांडता आला नसता, कारण ती पाळी माझ्यावर कधी येणारच नाही. पण तिच्या बोलण्यातच माझंही उत्तर होतं. दुसरी आली, तर पहिलीच्या पोरांचं काय?

शेवटी माझा मोठा काढला, तोही १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याखाली. असं केलं की ते पैसे बायकापोरांचेच राहतात, सावकाराला नि बँकेला माझ्या कर्जापोटी त्यावर हात टाकता येत नाही. मात्र हे पॉलिसी घेतानाच लिहून द्यावं लागतं, मागाहून जमत नाही.

तिचा लहान निघाला, पण निघाला. वारस म्हणून तिनं माझं नाव घालू दिलं नाही, पोरीचं घातलं. पोर अज्ञान, म्हणून तिच्या वतीनं पैसे घ्यायला एक मोठं माणूस लागतं. तिनं सासूचं नाव सांगितलं. प्रतिनिधी म्हणाला, "आजींचं वय फार आहे, दुसरं कुणीतरी द्या." मग तिच्या बहिणीचं घातलं. आई उंबऱ्यात बसून ऐकत होती. "तिला सही येती का?" एवढंच तिनं विचारलं.