हक्कसोड

१९५८ साली अमेरिकेतील मिनियापोलिस नगरीत जागतिक आरोग्य संघटनेची महासभा भरली असता, सोव्हिएत रशियाचे उपआरोग्यमंत्री व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी, देवीचा रोग पृथ्वीतलावरून समूळ नाहीसा करण्याचे काम सर्व राष्ट्रांनी मिळून अंगावर घ्यावे असा प्रस्ताव मांडला, तेव्हा ज्या देशाच्या भूमीवर ते उभे होते त्या देशाशी त्यांच्या देशाचे वैर इतके विकोपाला गेले होते की, परस्परांची नगरे बेचिराख करण्याची सामग्री दोघांनीही सिद्ध ठेवली होती. अशा सभेत झ्दानोव्ह यांनी आधार घेतला तो अमेरिकेचेच राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफर्सन यांचा. पुढील पिढ्यांना या भयंकर रोगाची ओळख केवळ इतिहासातून होईल, अशा आशयाचे पत्र जेफर्सन यांनी १८०६ साली लसीचे जनक एडवर्ड जेन्नर यांना धाडले होते. झ्दानोव्ह केवळ भाषण करून थांबले नाहीत. अडीच कोटी मात्रा लस आपल्या देशातर्फे देण्याचे त्यांनी तेथेच कबूल केले, आणि पुढील दोन दशकांत रशियाने दिलेल्या मात्रांची संख्या शंभर कोटींच्याही पुढे गेली.

प्रस्ताव पुढील वर्षी संमत झाला; परंतु त्यानंतर सात वर्षे त्याच्या पाठीशी पुरेशी रक्कम कोणी उभी केली नाही. १९६६ साली दरसाल २४ लाख डॉलरांच्या तरतुदीचा प्रश्न मतास टाकण्यात आला, तेव्हा तो अवघ्या दोन मतांनी तरला. खुद्द संघटनेचे महासंचालक, ब्राझीलचे मार्कोलिनो कँदाऊ, यांनाही हे कार्य तडीस जाईल असा भरवसा नव्हता, आणि त्यांच्या संशयाला सबळ कारण होते. हिवतापाच्या निर्मूलनाची अवाढव्य मोहीम त्यांच्या डोळ्यांदेखत खचत चालली होती. इकडे १९६७ साली एकतीस देशांत देवीचे ठाण होते. त्या एका वर्षात एक कोटीहून अधिक माणसांना देवी आल्या आणि सुमारे वीस लाख माणसे दगावली. जी वाचली त्यांपैकी कित्येकांची दृष्टी गेली, आणि तोंडावरचे व्रण तर बहुतेकांना जन्मभर पुरले. आपल्याकडे आज ज्यांचे वय साठीच्या घरात किंवा त्यापुढे आहे, त्यांच्या दंडावर लहानपणी देवी काढल्याची वाटोळी खूण अद्याप दिसते, आणि त्यांच्या नातवंडांच्या दंडावर ती नाही. या एवढ्याशा फरकामागे मनुष्यजातीचा केवढा मोठा व्यवहार उभा आहे, त्याकडे आज लक्ष वेधावेसे वाटते.

त्या व्यवहारातील एक वस्तू मुद्दाम जवळून पाहण्यासारखी आहे. बोटभर लांबीची, पोलादाची, टोकाशी दुभंगलेली एक सुई. ती लसीच्या कुपीत बुडवून काढली की दोन काट्यांच्या मध्ये बरोबर एका माणसापुरता थेंब अडकून राहतो. मग दंडावरील कातडीच्या लहानशा जागेत ती भराभर पंधरा वेळा टोचावयाची, इतकी हलकी की रक्ताचा केवळ ठिपका उमटावा. जुन्या पद्धतीने ज्या कुपीत पंचवीस माणसे उरकत, तीत या सुईने शंभर माणसे होऊ लागली. सुई उकळून पुन्हा वापरता येई, आणि ती चालवण्याची रीत निरक्षर तरुणालाही थोड्या वेळात शिकवता येई. ही सुई अमेरिकेतील वायथ या औषधी कंपनीत बेंजामिन रूबिन यांनी तयार केली, तिच्यावर कंपनीचा एकाधिकार होता, आणि जगातील कोट्यवधी दंड तिची वाट पाहत असताना कंपनीने या मोहिमेपुरती आपल्या स्वामित्वधनाची विनामोबदला हक्कसोड केली. तत्पूर्वी लंडनच्या लिस्टर संस्थेतील लेस्ली कोलिअर यांनी लस गोठवून सुकवण्याची खात्रीची रीत शोधली होती व ती छापून जगापुढे ठेवली होती. त्यामुळे उन्हाळ्याच्या मुलखातही लस महिनोन्महिने टिकू लागली. दोन शत्रुराष्ट्रांचे ऐक्य जितके थोर, तितकीच ही हक्कसोड थोर आहे असे मी मानतो. ज्याच्यापाशी सामर्थ्य आहे त्याने त्या सामर्थ्याचा कोणता भाग खरोखरच हातचा जाऊ दिला, या कसोटीला लावल्याखेरीज आंतरराष्ट्रीय सहकार्याच्या कोणत्याही गोष्टीची किंमत मला करता येत नाही.

भारतात ही मोहीम कशी चालली ते आपल्या स्मरणातून फार लवकर पुसले गेले. १९७४ साली, ज्या मे महिन्यात पोखरणच्या वाळवंटात अणुस्फोट झाला त्याच महिन्यात, बिहारमध्ये देवीची साथ कळसाला पोहोचत होती. त्या वर्षी देशात पावणेदोन लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. सर्वांनाच लस टोचीत सुटण्याऐवजी रोगी हुडकून काढावा, त्याच्या घराभोवती पहारा ठेवावा व आसपासच्या प्रत्येकाला टोचावे, ही युक्ती विल्यम फेगी यांना पूर्व नायजेरियात १९६६ साली, लस अपुरी पडल्यामुळे, सुचलेली होती. ती येथे आणावयाची म्हणजे कोट्यवधी घरांचे उंबरठे झिजवणे आले. आजारी बालकाचे चित्र छापलेले पत्रक हाती घेऊन लाखाच्या वर कर्मचारी वाड्या-वस्त्या, आठवड्याचे बाजार व शाळा पालथ्या घालीत फिरले. रोगी दाखवून देणाऱ्यास प्रथम पन्नास रुपये आणि अखेर अखेर हजार रुपये इनाम लावण्यात आले. स्वित्झर्लंडच्या निकोल ग्रासे, चेकोस्लोव्हाकियाचे झ्देनेक येझेक, अमेरिकेचे फेगी आणि आपल्याकडील एम. आय. डी. शर्मा, महेंद्र दत्त अशी मंडळी एका मेजाभोवती बसून जिल्ह्याजिल्ह्यांचे तक्ते तपाशीत. भारतातील अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला. त्यानंतर ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियातील मर्का येथील इस्पितळात स्वयंपाकी असलेल्या अली माव मालिन या तरुणाला देवी आल्या, आणि निसर्गतः जडलेल्या देवीचा तो जगातील शेवटचा रुग्ण ठरला. ८ मे १९८० रोजी महासभेने रोग नष्ट झाल्याचे घोषित केले.

परंतु या यशाची एक बाजू सांगितली नाही तर हे लेखन अप्रामाणिक होईल. मोहिमेच्या अखेरच्या टप्प्यात, बिहारमधील व बांगलादेशातील काही गावांत, अपरात्री घरांना वेढा घालण्यात आला, दारे फोडण्यात आली, आणि नाही म्हणणाऱ्या स्त्रीपुरुषांना दाबून धरून टोचण्यात आले. पॉल ग्रीनो या इतिहासकाराने या बळजबरीची साधार हकिकत पुढे प्रसिद्ध केली, आणि मोहिमेत काम केलेल्यांपैकी काहींनीही ती नाकारली नाही. ज्या घरांत शीतलामाईची पूजा चाले, तेथील नकाराला केवळ अज्ञान म्हणून मोकळे होणे मला अयोग्य वाटते. ज्या सरकारने त्या घराला कधी रस्ता, पाणी वा दवाखाना दिला नाही, ते मध्यरात्री एकाएकी सुई घेऊन येते, तेव्हा घरच्या माणसाने त्यावर विश्वास तरी कशाच्या बळावर ठेवावा? रोग गेला हे खरे, आणि लाखो जीव वाचले हेही खरे. तथापि त्या दारांचा हिशेब त्याने चुकता होत नाही. विकास न्याय्य झाला की नाही हे संघटनेच्या जिनिव्हातील दफ्तरावरून ठरवता येत नाही. ते ठरते उंबरठ्यावर, आणि तेथे राहणाऱ्या माणसाला विचारून.

पैशाचाही हिशेब असाच डोळे उघडणारा आहे. १९६७ पासूनच्या मोहिमेला एकंदर सुमारे ३० कोटी डॉलर लागले, आणि त्यांतील दोन-तृतीयांश भार रोगाने गांजलेल्या देशांनीच उचलला. उलट श्रीमंत देशांना पुढे लसीकरणाचा व बंदरांवरील तपासणीचा जो खर्च कायमचा वाचला, तो त्यांनी घातलेल्या रकमेच्या कितीतरी पट होता. तेव्हा एकाला दाता आणि दुसऱ्याला याचक समजण्याची जी वहिवाट पडली आहे, तिला निदान या कार्यात तरी आधार सापडत नाही.

हे सारे ठाऊक असलेल्या जगावर २०२० साली करोनाची साथ कोसळली. त्या वर्षीच्या २ ऑक्टोबरला भारत व दक्षिण आफ्रिका यांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे अशी मागणी ठेवली की, साथ चालू आहे तोवर लस, औषधे व उपकरणे यांवरील बौद्धिक संपदेचे हक्क तहकूब ठेवावेत. त्यावर खल होता होता जून २०२२ उजाडले, आणि जे पदरात पडले ते केवळ लसींच्या एकस्वांपुरते व पुष्कळ अटींनी बांधलेले होते. दरम्यान काही श्रीमंत राष्ट्रांनी आपल्या लोकसंख्येच्या कित्येक पटींनी मात्रा आगाऊ राखून ठेवल्या होत्या. गरीब देशांसाठी उभारलेल्या कोव्हॅक्स योजनेची पहिली खेप २४ फेब्रुवारी २०२१ रोजी घानाची राजधानी आक्रा येथे उतरली. त्या सहा लाख मात्रा आपल्या पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या होत्या, याचा अभिमान प्रत्येक मराठी माणसाने अवश्य बाळगावा. मात्र त्यानंतर महिनाभरात दुसरी लाट उसळली, आपल्या शहरांतील स्मशानांत जागा पुरेना, आणि पुण्याहून बाहेर जाणारी लस थांबली ती जवळजवळ वर्ष सरेपर्यंत. त्या दिवसांत दुसरा निर्णय घेणे कोणत्याही सरकारला फार कठीण गेले असते हे मी मान्य करतो. पण आफ्रिकेतील ज्या परिचारिकांना पहिली मात्रा मिळाली होती व दुसरीची तारीख उलटून जात होती, त्यांना आपल्या या अडचणीने संरक्षण दिले नाही. सबंध खंडांची मदार एका शहरातील कारखान्यावर ठेवणे, आणि वाटणी किती करावयाची हे आग लागल्यावर ठरवणे, या व्यवस्थेतच मूळ दोष होता.

२० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या महासभेने साथींसंबंधीचा जागतिक करार स्वीकारला, आणि सहभागी उत्पादकांनी साथीच्या वेळी आपल्या उत्पादनाच्या वीस टक्क्यांपर्यंतचा वाटा संघटनेकडे सोपवावा, त्यातील निदान निम्मा विनामूल्य असावा, हे तत्त्व त्यात नोंदले गेले; परंतु प्रत्यक्ष वाटणीचे नियम पुढील वाटाघाटींतून ठरावयाच्या एका परिशिष्टावर सोपवण्यात आले. २०२१ सालापासून केप टाऊन येथे नव्या लसींचे तंत्र शिकवणारे केंद्रही उभे राहत आहे, आणि ज्या देशांना आजवर केवळ खेपांची वाट पाहावी लागे त्यांनी स्वतः लस करावी, हा त्यामागील हेतू मला सर्वांत टिकाऊ वाटतो. २०२० साली भारताने इतरांकडे हक्कसोड मागितली, ती मागणी रास्तच होती. आता आपल्या कारखान्यांतून बाहेर जावयाच्या वाट्याची लेखी हमी त्याने स्वतः होऊन द्यावी, संकटकाळी निर्यातबंदीच्या हुकमाने तो वाटा रद्द होणार नाही असे त्या लेखात नमूद करावे, आणि केप टाऊनला हवे असलेले शिक्षक पुण्या-हैदराबादेहून पाठवावेत.