प्रेताचा न्याय आणि विसंवादाची नीती

भयाला कलेत स्थान असावे की नाही, या प्रश्नाआड बहुधा दुसराच प्रश्न दडलेला असतो : शेवट कोणाच्या हाती असावा? अमेरिकेतील कॉमिक्स-प्रकाशकांनी १९५४ साली स्वतःवर घालून घेतलेल्या आचारसंहितेने चालत्या प्रेतांना मज्जाव केला आणि सत्प्रवृत्तीचा विजय अनिवार्य ठरवला. वस्तुतः ईसी कॉमिक्सच्या ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’सारख्या मालिकांत दुष्टाला शासन होतच असे, मात्र ते अनेकदा थडग्यातून उठलेला बळीच करी. रक्तपाताइतकाच खुपणारा होता तो हा कायद्याबाहेरचा न्यायकर्ता.

ऑर्नेट कोलमनने डिसेंबर १९६०मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘फ्री जॅझ’मध्ये दोन चौकड्या सुमारे ३७ मिनिटे अखंड वाजवतात. मोजके पूर्वरचित दुवे सोडल्यास स्वरसंघांच्या ठरावीक क्रमाचा आधार तेथे नाही. विसंवाद मिटेल याची हमीही नाही. तरीही ते वादन अराजक ठरत नाही, कारण वादक एकमेकांना ऐकत असतात. तेथील सुव्यवस्था श्रवणातून घडते.

भेद नेमका येथेच आहे. प्रेत कोणाचे ऐकत नाही. त्याचा सूड पूर्वनिश्चित असतो, कथेचे समेवर येणेही ठरलेले असते. म्हणजेच बंडखोर भासणारी भयकथा रूपबंधाच्या पातळीवर संहितेइतकीच शेवटाविषयी आग्रही असते. याने बंदीचे समर्थन होत नाही. हा निवाडा वाचकाने करायचा होता आणि बंदीने नेमकी तीच संधी हिरावून घेतली. कलाकृतीची नीती केवळ तिच्या शेवटात शोधणारी समीक्षाही तेच करते.