बापाला मुलगा कशासाठी हवा?

काशीच्या मणिकर्णिका घाटावर मुंडन केलेला मुलगा स्मशान सांभाळणाऱ्या डोमाकडून अग्नी घेऊन चितेभोवती फिरतो. शेवटी गंगेच्या पाण्याचं मडकं खांद्यावरून मागे टाकतो आणि वळून न बघता चालू लागतो. अग्नी द्यायला मुलगा हवा म्हणून घराघरांत किती नवससायास झाले! पण काशीची स्वतःची श्रद्धा याच्या पुढे जाते. इथे देह ठेवणाऱ्याच्या कानात शंकर तारक मंत्र सांगतो आणि जीव सुटतो. त्याला पुत्र असण्याची अट नाही. मग नवरा-बायको वेगळे झाल्यावर लेकराच्या भेटीसाठी झुरणाऱ्या बापाला ते लेकरू हवं असतं कशासाठी?

जुनं उत्तर ऐतरेय ब्राह्मणात आहे. मुलामुळे बापाचं ऋण फिटतं, असं नारद निपुत्रिक राजा हरिश्चंद्राला सांगतो. राजा वरुणाला नवस बोलतो, तोही भयंकर: होणारा मुलगा तुलाच बळी देईन. तो मुलगा, रोहित, मोठा होतो, बापाचा बेत कळताच धनुष्य उचलून रानात जातो. तिथे त्याला उपाशी अजीगर्त ऋषी भेटतो. त्याला तीन मुलं. थोरला बापाला सोडवत नाही, धाकटा आईला. उरला मधला, शुनःशेप. रोहिताऐवजी बळी द्यायला तो 100 गाईंना विकला जातो. यज्ञात त्याला खांबाला बांधायला कुणी तयार होत नाही. आणखी 100 गाई घेऊन बापच बांधतो, आणखी 100 घेऊन सुरीला धार लावतो.

देवांची स्तुती करून पोरगा सुटतो आणि यज्ञातल्या विश्वामित्र ऋषीच्या मांडीवर जाऊन बसतो. आता अजीगर्त त्याला परत मागतो. कुळाची आठवण देतो, केलेलं पाप जाळतंय म्हणतो, गाई परत करायला निघतो. शुनःशेप नाही म्हणतो. तुझ्या हातातली सुरी सगळ्यांनी पाहिली, असं सुनावतो. वेदकाळची ही कथा शेवटचा शब्द मुलाला देते, याचं मोल फार मोठं आहे.

पुढे पुराणांनी दुसरा हरिश्चंद्र रंगवला. सत्यासाठी तो बायको-मुलाला विकतो, स्मशानात राबतो, आणि लेकाची भेट होते ती साप चावून तो गेल्यावर. दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली हीच कथा पडद्यावर आणली; त्यातला लेक रोहिताश्व झाला होता त्यांचाच मुलगा भालचंद्र. सत्य राखलं गेलं, देवांनी मुलालाही उठवलं. पण विकताना त्या पोराला कुणी विचारलं होतं?

आज मुलाच्या भेटीसाठी कोर्टाच्या तारखांना येणारे बहुतेक बाप अजीगर्त नसतात. सुरी त्यांच्या हातात कधीच नव्हती, तरी मुलाचा आवाज ऐकायला त्यांना अर्ज करावा लागतो. 2020 साली यशिता साहू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आई आणि बाप दोघांचं प्रेम हा मुलाचा हक्क मानला. ताबा नसलेल्या पालकाला, विशेष कारण नसेल तर, रोज 5 ते 10 मिनिटं मुलाशी बोलता यावं, असंही म्हटलं. या मिनिटांत ऋण फिटत नाही, वंशही चालत नाही. गृहपाठ झाला का, डब्यात काय होतं, दात पडला का, एवढंच विचारता येतं. मोक्षाची सोय काशीने आधीच करून ठेवली असेल, तर बापाला मुलाकडून हवं असतं ते हेच. आणि ज्या घरात खरोखर सुरी निघाली होती, तिथे ‘विशेष कारण’ मानून त्या मुलाचा नकार ऐकलाच पाहिजे, शुनःशेपाचा ऐकला तसा.