दोन मापे : उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाविषयी



गंगापूर तालुक्यातील एका लहान मंडळीच्या उपदेशकांनी आम्हास पत्र लिहून एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या मंडळीतील एक मुलगा औरंगपुऱ्यात खोली घेऊन राहतो व तेथेच महाविद्यालयात शिकतो. नाताळाच्या सुटीत तो गावी आला असता शास्त्रवर्गात उभा राहून म्हणाला, “मास्तर, उत्पत्तीच्या पुस्तकात सूर्य चौथ्या दिवशी झाला, मग पहिल्या तीन दिवसांची संध्याकाळ व सकाळ कशी झाली? आणि आमच्या पुस्तकात पृथ्वीचे वय साडेचारशे कोटी वर्षे दिले आहे. हे खरे की ते खरे?” उपदेशकांनी उत्तर दिले की, कॉलेजातली पुस्तके नास्तिकांनी लिहिलेली असतात, ती परीक्षेपुरती पाठ करावी व नंतर विसरून जावी. मुलगा खाली बसला. पुढच्या रविवारी तो उपासनेस आला नाही. पत्राच्या शेवटी उपदेशक विचारतात, “यात माझे काय चुकले?”

हे पत्र खऱ्या दुःखाने लिहिलेले आहे, यास्तव त्याचे उत्तरही मोकळेपणाने देणे आम्हास भाग आहे.

हा वाद आपल्या शहरास अगदीच परका नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाचे औरंगाबाद, येथे जानेवारी २०१८ मध्ये एक वैदिक संमेलन भरले होते. त्या प्रसंगी केंद्रातील त्या वेळचे शिक्षणखात्याचे राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी असे सांगितले की, डार्विनचे मत शास्त्रदृष्ट्या चुकीचे असून शाळाकॉलेजांच्या अभ्यासक्रमात बदल झाला पाहिजे; कारण वानराचा मनुष्य होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कोठे लिहिलेले नाही की सांगितलेले नाही. दोनच दिवसांत देशातील तीन प्रमुख विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून या म्हणण्याचा निषेध केला, आणि त्यांचे वरिष्ठ मंत्री प्रकाश जावडेकर यांनीही अशी विधाने करू नयेत असे त्यांस सांगितले. सर्वांस ठाऊक असलेली ही हकीकत येथे सांगण्याचे कारण वेगळे आहे. ती बातमी वाचून आपल्यापैकी काही जणांस मनातून बरे वाटले होते. वैदिक मंडपातून का होईना, डार्विनाचा पाडाव झाला ना! असे एका वृद्ध बंधूंनी आम्हाजवळ बोलूनही दाखविले.

परंतु ज्या युक्तिवादाचा आनंद मानावयाचा, तो आपल्याच घरावर कसा येतो हे आधी पाहावे. कोणी पाहिले नाही म्हणून ते झाले नाही, असे धरले तर सृष्टीच्या आरंभी तरी कोण हजर होता? ईयोबाला देवाने हेच तर विचारले. आणि प्रभू कबरेतून उठला तो क्षण तरी कोणत्या शिष्याने पाहिला? त्यांनी पाहिली ती रिकामी कबर व गुंडाळलेली वस्त्रे. आणि मग पाहिला तो उठलेला प्रभू. चोरी झाल्यावर गावचा जाणता मनुष्य धुळीतली पावले पाहून माग काढतो, तेव्हा त्याने चोराला पाहिलेले नसते. तरी पंच त्याचे ऐकतात. राहिलेल्या खुणांवरून झालेली गोष्ट ओळखणे, यावाचून न्यायही चालणार नाही आणि आपली श्रद्धाही चालणार नाही.

अशा खुणा आपल्या शेतातच आहेत. ज्याने विहीर खणली आहे त्याला पुस्तकाची गरज नाही. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, मग सुरुंगावाचून न हलणारा काळा पाषाण; आणि कोठे कोठे त्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये विटेसारखा तांबडा मातीचा पट्टा. हा पाषाण म्हणजे पृथ्वीच्या पोटातून भेगांवाटे वाहून आलेला व थंड झालेला रस होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी असे थरावर थर पडत गेले, आणि आजही दख्खनाचा सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी झाकलेला आहे. वेरूळच्या चौतीस लेण्या याच थरांत कोरल्या आहेत. तांबडा पट्टा हा त्या हकीकतीतील विसाव्याचा काळ आहे : एक थर निवाला, ऊनपावसाने त्याचा वरचा भाग झिजून माती झाली, आणि मग दुसरा रस तिच्यावर येऊन तिला भाजून गेला. एखाद्या विहिरीत असे दोन पट्टे मोजले तर आपण दोन लांब विसावे मोजले असे समजावे.

हे सर्व नास्तिकांनी रचले आहे, असे म्हणणाऱ्यांनी नागपूरच्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांचे नाव आठवावे. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे हे मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. शाळा चालविणे, बाजारात उपदेश करणे, गोंड लोकांची गाणी व चालीरीती लिहून घेणे ही त्यांची नित्याची कामे. आणि प्रवासात घोड्यावरून उतरून दगड न्याहाळणे हीही त्यांची सवय. टाकळी येथे दोन काळ्या पाषाणांच्या मध्ये असलेल्या थरात त्यांना व त्यांचे सहकारी हंटर यांना गोड्या पाण्यातील शिंपले, झाडांची फळे व बिया, किडे, हे सर्व दगड झालेले सापडले. त्यांनी ते १८५५ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. डार्विनाचे पुस्तक निघाले ते त्यानंतर चार वर्षांनी. म्हणजे एक रसाचा पूर येऊन गेल्यावर तेथे तळे झाले, तळ्यात शिंपले जगले, काठी झाडे फळली, आणि मग दुसरा पूर आला. हे सर्व एका दिवसात कसे बसवावे? देवाने मुळातच दगडात खोटे शिंपले घालून ठेवले, असे कोणी म्हणेल तर तो देवाला खोट्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा करतो. हिस्लॉपसाहेबांनी तसे म्हटले नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळे पाहून परतताना, पुराने भरलेला ओढा ओलांडीत असता ते बुडून मरण पावले. तोवर ते उपदेशही करीत होते व दगडही गोळा करीत होते.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपल्या वडिलधाऱ्या उपदेशकांनी बाजारात, जत्रेत काय सांगितले होते? पुराणांतील क्षीरसागर व सप्तद्वीपे भूगोलाने खोटी ठरविली, तेव्हा ती शास्त्रे तपासून पाहा, असेच ना? मुंबईस १८३० च्या सुमारास डॉ. विल्सन व पंडित यांचे वाद झाले, १८५७ साली समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी यांच्याशी सभा झाल्या. तेथे पंडितांनीही ख्रिस्ती शास्त्राला उलट प्रश्न विचारले, व तसे विचारण्याचा त्यांस अधिकार होता. औरंगपुऱ्यात भाजीमंडईच्या परिसरात महात्मा फुले यांचा पुतळा आहे. हे जोतीराव पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, आणि १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून, ब्रह्मदेवाच्या मुखापासून एक व पायांपासून दुसरा जन्मला या कथेला त्यांनी साधे, अक्षरशः प्रश्न विचारून तिचा फोलपणा दाखविला. आपल्या आज्यापणज्यांपैकी कित्येकांची मान त्या प्रश्नांनी वर झाली. मग दुसऱ्याच्या ग्रंथाला विचारलेला प्रश्न आपल्या मुलाने आपल्या ग्रंथाला विचारताच आपण त्याला खाली बसवितो, हे घेताना एक पायली व देताना दुसरी असे नव्हे काय? खोट्या मापाविषयी नीतिसूत्रांत काय लिहिले आहे ते उपदेशकांस पाठ असेल.

तर मग त्याच मापाने उत्पत्ती मोजून पाहू. पहिल्या अध्यायात झाडे, मग पशुपक्षी, मग नरनारी असा क्रम आहे. दुसऱ्या अध्यायात आधी पुरुष, मग झाडे, मग पशू, आणि शेवटी स्त्री. ज्यांनी हे दोन्ही अध्याय शेजारी शेजारी ठेवले ते काही आंधळे नव्हते. हा पंचनामा आहे असे त्यांस वाटले असते, तर एक तरी अध्याय त्यांनी दुरुस्त केला असता. सूर्यावाचून तीन दिवस कसे, हा त्या मुलाचा प्रश्न तिसऱ्या शतकात ओरिजेन यांनी विचारला होता. आणि सृष्टीविषयी अज्ञानाने बोलून ख्रिस्ती माणसाने शास्त्राचे हसे करू नये, असा इशारा पाचव्या शतकात ऑगस्टीन यांनी दिला होता. पृथ्वी ख्रिस्तापूर्वी ४००४ साली झाली हा हिशेब आयर्लंडचे आर्चबिशप उशर यांनी १६५० साली मांडला; पुढे तो इंग्रजी बायबलांच्या समासात छापला गेला, म्हणून लोकांस तो शास्त्रवचनासारखा वाटू लागला. समास म्हणजे वचन नव्हे.

येथे कोणी विचारील, व विचारणे योग्यच आहे : उत्पत्ती पंचनामा नाही, तर पुनरुत्थानही पंचनामा नाही असे का म्हणू नये? सर्वांत अवघड प्रश्न हाच. आमचे उत्तर असे की, प्रत्येक लेख स्वतःविषयी काय म्हणतो ते आधी पाहावे. लूक आरंभीच लिहितो की, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेली हकीकत आपण शोध करून लिहीत आहोत. पौल करिंथकरांस साक्षीदारांची यादी देतो व त्यांपैकी पुष्कळ अद्याप जिवंत आहेत असे सांगतो. म्हणजे जाऊन विचारा, असेच तो म्हणतो. उत्पत्तीचा लेखक असे काही म्हणत नाही. अर्थात साक्षीचा दावा केला म्हणून ती खरी ठरत नाही. ती साक्षीसारखी तोलली पाहिजे, एवढेच यावरून निघते.

विश्वसनीयतेविषयी बोलताना आपले लोक मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्यांचा दाखला देतात. १९४७ साली तेथे मेंढपाळांना गुहेत यशयाची गुंडाळी सापडली. ती पूर्वी ठाऊक असलेल्या इब्री प्रतींहून सुमारे एक हजार वर्षांनी जुनी असून तिचा पाठ बहुतांशी तोच आहे. लेखकांनी नक्कल किती जपून केली याचा हा मोठा पुरावा होय. परंतु तेथेच यिर्मयाच्या ज्या प्रती सापडल्या त्यांतील काहींचा पाठ आपल्या पाठाहून आखूड आहे, आणि मार्काच्या शेवटच्या बारा ओव्या चौथ्या शतकातील दोन सर्वांत जुन्या प्रतींत नाहीत. दोन्ही गोष्टी सांगाव्या. शिवाय पत्राची नक्कल बिनचूक आहे एवढ्यावरून पत्रातला मजकूर खरा ठरत नाही, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणाही शेतकऱ्यास कळते.

आदामाविषयी रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल जे लिहितो, त्याचा मेळ आजच्या ज्ञानाशी कसा घालावा याविषयी मंडळीत मतभेद आहेत. मनुष्यजात एका जोडप्यापासून नव्हे, तर हजारोंच्या समूहातून वाढली असे वंशशास्त्र सांगते. आमच्या मते पापाची गोष्ट खरी असण्यास एकच जोडपे असणे आवश्यक नाही. प्रत्येक घरात ती पुन्हा घडताना दिसते. ज्यांस हे पटत नाही त्यांच्याशी आम्ही भांडणार नाही. पण सर्व मनुष्ये, नर व नारी, देवाच्या प्रतिरूपाची आहेत हे पहिल्या अध्यायातील म्हणणे कोणत्याही दगडाने खोडलेले नाही; आणि ज्यांना गावकुसाबाहेर ठेवले होते त्यांनी ते ऐकून काय मिळविले, हे आम्ही त्यांस शिकविण्याची गरज नाही.

आता उपदेशकांस. बंधो, आपण विचारले की माझे काय चुकले. भूगर्भशास्त्र आपणास ठाऊक नव्हते, ही चूक नव्हे. पण जे खोटे आहे असे आपण मानता ते परीक्षेत खरे म्हणून लिहावे, असे आपण एका तरुणास शिकविले, व तेही शास्त्र हातात धरून. तो मुलगा शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने येतो असे आपण लिहिले आहे. तर फाट्यावर त्याची वाट पाहावी, आणि चालता चालता त्याला एवढेच सांगावे की त्या दिवशी मी उत्तर दिले नाही, तुला गप्प केले. मग वाटेवर कोणाची नवी विहीर चालू असेल तर दोघांनी मिळून तिच्या काठाशी उभे राहून थर मोजावे. त्याच्या पिशवीत त्याचे पुस्तक असेलच. आपण आपले न्यावे.