याचना आणि गृहस्थधर्म

कोणापुढेही हात पसरावयाचा नाही, हे व्रत पुष्कळ कुलीन गृहस्थ जन्मभर पाळतात, आणि सामान्यतः ते पाळण्यासारखेच आहे. परंतु घरात कर्करोग शिरला व औषधाचे मोल घराच्या ऐपतीबाहेर गेले, म्हणजे या व्रताची खरी परीक्षा होते.

जबलपुरातील एक मराठी गृहस्थ कल्पावा. ग्वारीघाटावर नर्मदास्नान, निवृत्तिवेतनावर संसार, कोणाचे ऋण नाही. पत्नीस रक्ताचा कर्करोग झाला आहे. गोळी रोज घ्यावयाची; पण पैसा पुरावा म्हणून ती माउली एक दिवसाआड घेऊ लागली आहे. तिने ते सांगितले नाही, आणि त्याने रिकाम्या न होणाऱ्या डबीकडे पाहूनही विचारले नाही. साहाय्याची चौकशी करा, असे शेजाऱ्याने सुचविले, तेव्हा उत्तर मिळाले, "आजवर कोणाकडे मागितले नाही." या उत्तरात धर्म किती आणि अहंता किती?

याचनेने विष्णूलाही वामन व्हावे लागले, असे म्हणण्याचा प्रघात आहे. पण वामनाने मागितले ते देवांसाठी. स्वतःसाठी त्याला एक पाऊलभर भूमीचीही गरज नव्हती. आमच्या गृहस्थाला ही कथा निश्चित ठाऊक असेल. तो जो मान राखतो आहे, त्याची किंमत मात्र पत्नीच्या शरीरातून दिली जात आहे. दुसऱ्याच्या प्राणावर पाळलेले व्रत आपले कसे म्हणावे?

मागण्यापूर्वी एक विचारणा अवश्य करावी. तीत दैन्य नाही. या व्याधीवरील 'इमॅटिनिब' या औषधाच्या 'ग्लिवेक' रूपास एकाधिकार देण्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1 एप्रिल 2013 रोजी नाकारले. त्या काळी मूळ कंपनीच्या औषधास महिन्याला सुमारे 1,20,000 रुपये पडत, तर तेच द्रव्य देशी उत्पादक 8 ते 10 हजारांत देत. तेव्हा याच द्रव्याची स्वस्त गोळी चालेल काय, हे वैद्यास विचारण्यात संकोच कसला?

तरीही खर्च पेलत नसेल, तर पुढचे द्वार ठोठवावे. 2018 साली आरंभलेल्या 'आयुष्मान भारत' योजनेत पात्र कुटुंबास रुग्णालयातील उपचारांसाठी वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत आधार मिळतो. 2024 पासून सत्तरी गाठलेल्यांना उत्पन्नाची अटही उरलेली नाही. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतूनही अंशतः साहाय्य मिळते, व ते थेट रुग्णालयाकडे जाते. मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयात जावे लागले, तर रेल्वे भाड्यातही सवलत देते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञचक्र परस्परांच्या पोषणावर चालते. ज्याने आयुष्यभर कर भरला, त्याने संकटकाळी त्या चक्रातून घेणे ही भीक नव्हे. मात्र ठेवी दडवून उत्पन्नाचा खोटा दाखला आणणारा त्याच अध्यायातील चोरांच्या पंक्तीत बसतो. त्याने दुसऱ्या कोणाची तरी गोळी उचललेली असते.

आता प्रश्न उरतो, मागावे कसे? कालिदासाच्या रघुवंशातील कौत्स स्मरावा. गुरुदक्षिणेच्या चौदा कोटींसाठी तो रघूकडे आला. पण विश्वजित् यज्ञात सर्वस्व दिलेल्या राजाने मातीच्या पात्रातून अर्घ्य आणलेले पाहून न मागताच निघू लागला. रघूने त्यास थांबवून विचारले. पुढे कुबेराने सुवर्णाची वृष्टी केली, तेव्हा राजा म्हणे सर्व न्या, आणि कौत्स चौदा कोटींहून एक नाणेही अधिक घेईना. अयोध्येच्या लोकांना दाता आणि याचक दोघेही सारखेच वंद्य वाटले. रघूने प्रथम विचारले, हे शेजाऱ्यांनी विसरू नये. रुग्णाच्या घरी फळे घेऊन जाणारे पुष्कळ असतात, पण औषधाचे कसे चालले आहे, हे विचारणारा विरळा.

आमच्या गृहस्थाने प्रथम पत्नीजवळ बसून डबीतील गोळ्या मोजाव्या. मग नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयात जाऊन खर्चाचे लेखी अनुमानपत्रक मागावे, आणि अर्जात तोच आकडा लिहावा.